तिरकी रेघ

सावद्याच्या केळी संघात रात्री दीडला
क्रेटच्या चिठ्ठ्या निघतात.
कुठल्या गावाला किती, कुठला ट्रक, बस्स.
वामन फेगडेंनी तेरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या चाळीस ओळी,
आणि फितीवर ठोके मारणारा प्रिंटर.
गावांची नावं इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं,
प्रत्येकाआधी एक उलटी तिरकी रेघ,
बांधाला टेकवून ठेवलेल्या काठीसारखी.

मंगळवारी जळगावहून पोरगा आला, नवी आवृत्ती टाकून गेला.
"काही बदललं नाही मावशी," चहा पिता पिता म्हणाला.

त्या रात्री नशिराबादचं पहिलं अक्षर गेलं
आणि उरलेलं गाव खालच्या ओळीत पडलं.
रावेर मागे वळलं, तारखेवरच छापलं.
भुसावळ शेजारच्या अक्षराच्या अंगावर चढलं.
फैजपूर आलं तसं अख्खं कोरं पान बाहेर.
यावल तेवढं शाबूत;
यावलचा ड्रायव्हर चिठ्ठी खिशात घालून
हॉर्न वाजवत गेला.
अमळनेरला मशीन टीं करून वाजलं.
मग चोपडा,
आणि पुढे काहीच नाही.
चूक दाखवली नाही, तक्रार नाही.
ओट्यावरून उखर्डूने विचारलं, "काय व्हयनं ताई?"
बारा ट्रक उभे.

टिपण वाचलं. चौदा पानं.
वेग वाढला, रंग बदलले, कुणाकुणाचे आभार.
रेघेबद्दल अवाक्षर नाही.
फेगडेंना उठवलं, लेकीकडे असतात, पिंपळनेरला.
"मी त नुसते गावाचे नावं लिहेल व्हते," म्हणाले,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

खरंच. जुन्याला रेघ म्हणजे रेघ होती.
नव्याला रेघ म्हणजे हुकूम:
एन आला, खाली उतर.
आर आला, मागे फिर.
सी आला, गप्प बस.
चोपड्याने बिचाऱ्याने काय केलं होतं?

मी तापी ओलांडून इकडे आले, एकोणीसची होते.
माहेरी 'शे' म्हटलं की 'आहे' असायचं.
इथे म्हटलं, तर चुलीपासून ओसरीपर्यंत हसू.
तेव्हाही कुणी टिपण दिलं नव्हतं.
मीच एकेक शब्द वाजवून बघितला,
कुठला चालतो, कुठला पान बाहेर फेकतो.

पावणेचारला रेघा दुप्पट केल्या.
रेघेवर रेघ असली की नवं मशीन तिला पुन्हा
नुसती रेघ समजतं.
गावं आपापल्या जागी परतली.
उखर्डूने चोपड्याचे क्रेट आधी चढवले.

फक्त अमळनेरची रेघ एकटीच ठेवली.
एक 'ए' हुकमाला, एक 'ए' नावाला.
रोज दीड वाजून गेला की सगळ्या गावांत
तेवढं एक वाजतं, टीं,
उखर्डू मान वर करतो
आणि मी रजिस्टरमध्ये खाली बघते.

हा बदल मी कुठेही नोंदवलेला नाही.