आतलं काम

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या गल्लीत
माझं कुशनचं दुकान.
पाटी दोन भाषांत,
दोन्हीतलं 'कुशन' एकच.

परवा विरुपाक्ष हंजींच्या थोरल्यानं गाडी आणून लावली.
अमेरिकन. गोवा पासिंग, दुसऱ्या हाताची,
चोर्ल्याच्या घाटातनं आलेली,
बंपरला अजून तांबडी माती.
नाक एवढं लांब की
दुकानापुढं लावूनही निम्मी गाडी रस्त्यावर,
भाजीचा गाडा वळसा घालून गेला.

"आतलं सगळं बदला," म्हणाला,
"जर्मन गाडीसारखं करा."

मी दार उघडलं.
तीस वर्षं रेक्झिनवर, मखमलीवर हात फिरवतोय,
वडापच्या, वरातीच्या, माजी सभापतींच्या जीपच्या सीटांवर;
बोट लावलं की कळतं
कुणी कुठं पैसे वाचवलेत.
डॅशबोर्डवर टिचकी मारली,
पोराच्या कंपासपेटीसारखा वाजला.
दाराला आतनं चामडं नव्हे, चामड्याचा छाप.
छताचं कापड कोपऱ्यात गोंद सोडून लोंबलेलं.
एसीची एक जाळी वाकडी,
अपघातानं नव्हे, जन्मापासून.
शिलाई सरळ होती,
खरं दोऱ्यात जीव नव्हता.
एवढ्या पैशात हे?
संकेश्वरच्या वडापवाल्याला यापेक्षा बरं
मी उधारीवर करून दिलंय.

वहीत आकडा मांडला: अडीच लाख.
खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात शिफ्ट सुटून भरमाण्णा आला.
चाळीस वर्षं भट्टीपुढं, एक कान पुरता गेलेला,
दुसरा असून नसल्यासारखा.
आत डोकावलासुद्धा नाही.
"चालू कर म्हणावं."

पोरानं चालू केली.
माझ्या डब्यातले खिळे नाचले.
चहावाल्याचं कुत्रं उठलं,
पलीकडं जाऊन पुन्हा निजलं.
भरमाण्णानं बॉनेटवर तळवा ठेवला,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा,
डोळे मिटले, ओठ हलले.

"आठ हाईत," म्हणाला.
"आठीच्या आठी जागेवर.
ओतकामात वाळूचा दाणा राहिला असता
तर हाताला लागला असता."

मग किंमत विचारली. पोरानं बोटांवर दाखवली.
आणि एवढ्याच ताकदीची जर्मन?
पोरानं दोन्ही हात वर केले, बोटं पुरेनात.
भरमाण्णा हसला.
"मग पैसं कुठं गेलं ते कळलं की.
लोखंडात गेलं.
पत्रावळीवर वाढलंय, खरं मटण मटणच हाय."

मला राग आला, खोटं का सांगू.
माणूस लोखंडावर बसत नाही.
त्याचा हात जिथं पडतो, मान जिथं टेकते
तेवढंच त्याला गाडीतलं कळतं,
बाकी आवाज.
हे सगळं मी मनात म्हणालो,
कारण मोठ्यानं म्हटलं तरी त्याला ऐकू गेलं नसतं,
आणि कारण तळवा अजून बॉनेटवरच होता,
आणि गेल्या दहा वर्षांत
त्याला काही ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

वही उघडली.
डॅशबोर्ड खोडला. दारं खोडली.
प्लास्टिकला चामडं चढवलं तरी ते प्लास्टिकच.
उरलेला आकडा बघून
बायको चार दिवस बोलणार नाही.

पोरगा तोवर फोनवर बापाला सांगत होता,
"भाळ चलो ऐती, अप्पा."
फोन ठेवून म्हणाला, "बसा मामा, काकतीपर्यंत जाऊन येऊ."
भरमाण्णाच्या विजारीला काळी वाळू;
मी सीटवर कालचा पेपर अंथरला.
गेले.
आवाज हायवेपर्यंत कळत होता,
मग नुसती फौंड्री.

अर्ध्या तासानं आले.
भरमाण्णा उतरला तो कमरेवर हात ठेवून,
डोळ्यांत पाणी.
वारं लागलं म्हणाला.
काचा वर होत्या.

"कशी हाय?" मी त्याच्या कानापाशी ओरडलो.
तो बराच वेळ गाडीकडं बघत राहिला.
"पाठीला लागतंय गा," म्हणाला.

मी टेप काढली.