तीन शून्यं

फाइल तिसऱ्यांदा परत आली केगावला.
डाळिंबावरच्या तेल्याचा जीवाणू,
क्रम अचूक, साचा चुकला.
पेटंटवाल्यांना पीडीएफ नको, एक्सएमएल हवी,
अक्षरं सगळी लहान, यू दिसला तिथे टी,
दहाच्या आतला तुकडा धरायचाच नाही.
गाळलेल्या क्रमांकाची जागा मात्र ठेवायची,
आत तीन शून्यं.

साखर पेठेत बाबा जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत.
एक चुकलं
की गठ्ठाभर चादरींवर मोराची मान मोडे.

आम्हा भावंडांत
दुसऱ्याचं नाव निघत नाही घरात.
तरी आई मला अजून मूडोदीच म्हणते,
तिसरी.
एक नंबर वर कुणी सरकवलं नाही मला.

एरर उरलाय एक, ओळ चारशे बारा.
शिपाई दाराशी कुलूप वाजवतोय.