बहात्तर

आर्वीच्या बाजारात, जुन्या कुलपांच्या ढिगात
तो पालथा पडला होता,
भिंगाभोवती पोळ्याच्या घरांसारखी खवलेदार काच.
"चालते का, मुस्तकीमभाई?"
"चालते का नाई थे तुमीच पाहा, सिस्टर.
आपन वजनानं इकतो."
तराजूत साडेतीनशे ग्राम.
पितळ असतं तर महाग पडला असता.
दीडशे रुपये आणि वर एक चहा, तोही मीच पाजला.

नागपुरात याच्याच भावंडाचे
आठ हजार सांगितले होते, मखमलीवर ठेवून.
मी पाणी पिऊन निघून आले होते.

शटर चिकटलेलं.
ओपीडी संपल्यावर, उपकेंद्राच्या टेबलावर,
इन्सुलिनच्या सुईनं थेंब थेंब स्पिरिट सोडलं पात्यांवर.
तिसऱ्या दिवशी तो 'टिक्' म्हणाला.
एवढंच.
काही पोरंही आधी एवढंच म्हणतात.
मागच्या झाकणातला फोम भुकटी झाला होता,
तिथं काळी लोकर चिकटवली, माझ्याच स्वेटरची.

रोल मात्र कॅमेऱ्याच्या चौपट.
पण हा प्रत्येक चौकटीचे दोन भाग करतो,
छत्तिसाचे बहात्तर.
अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर जगणाऱ्या बाईला
हे गणित शिकवावं लागत नाही.
आणि आडवा धरला की चित्र उभं येतं.
दारं उभीच असतात, तुराट्या उभ्या,
ओसरीच्या खांबाला टेकलेल्या बायाही उभ्या.
दीड मीटरच्या आत याला नीट दिसत नाही,
म्हणून मलाही मागं सरायची सवय लागली.

अंधारात हा नाही म्हणतो.
खिडकीत लाल जीभ वर येते, बटण दबतच नाही.
आणि बाळंतपणं बहुतेक रात्रीची.
त्यांची नोंद रजिस्टरात: वेळ, वजन, मुलगा की मुलगी.
माझ्याकडे फक्त उजाडल्यानंतरचं आहे,
वाळत घातलेली दुपटी, चुलीपुढची राख,
बाजेवर बसून झोपलेला बाप.

फेब्रुवारी ते दिवाळी, एक रोल.
लॅबमधल्या पोराचा फोन:
"मॅडम, एकेका चौकटीत दोन-दोन फोटो आलेत. कापून देऊ?"
"नको कापू."

मी ठरवल्या नव्हत्या या जोड्या.
काट्याच्या झोळीत लोंबणारं बाळ,
शेजारी मुस्तकीमभाईचं पारडं, त्यात कुलपं.
पंक्चर स्कूटी, शेजारी उईकेंच्या घरचं वासरू,
दोघंही माझ्याकडेच बघतायत.
गावची पाण्याची टाकी आणि चंद्रकला, नववा महिना,
हे बघून ती स्वतःच हसली असती.

आणि एकोणपन्नास-पन्नास.
डावीकडे पार्वता कुमरे, सातवा महिना,
उन्हानं डोळे बारीक, हातात माझं कार्ड.
उजवीकडे तिचंच दार. कुलूप.
मधे तीन आठवडे गेले होते,
फिल्मवर ते एका काळ्या रेघेचे, नखाएवढेही नाहीत.
वीटभट्टीवर गेले म्हणे, अमरावतीकडं.
कोणती भट्टी, कुणाला ठाऊक नाही.
कार्ड दाराच्या फटीत सापडलं, ते मी घेऊन आले.

आकडा बहात्तरला थांबतो, रोल थोडा उरतो.
त्र्याहत्तरावा मी थांब्यावरच्या चिंचेचा काढला होता,
उगाच, संपवायचा म्हणून.
त्यात मागं एसटी उभी आहे, हे आता दिसतंय.
पायरीवरून उतरणारी एक बाई,
कडेवर काहीतरी, पोर की गाठोडं,
आणि नेमकं तिथंच लॅबच्या चिमट्याचं भोक.

भिंग लावून पाहिलं. कंदिलाएवढा दाणा, बाकी काही नाही.
चालण्याची ढब तिची वाटते.
तशी ती सगळ्यांचीच असते, कडेवर ओझं असलं की.

उद्या मंगळवार, लसीकरण.
कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलंय.