तणसाच्या पोटात

पौषात कापगत्यांच्या म्हशीचा कान गळून पडला,
पिकलं पान पडावं तसा. रक्ताचा थेंब नाही.
नीलकंठनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून आखरावर आणला
आणि माझ्या बापासमोर धरला.
"कुठं चारली तू? काय चारलं?"

बाप गावाचा गायकी.
एकशेबारा जनावरं नावानिशी ओळखायचा,
माणसांची नावं मात्र विसरायचा.
त्या दिवशी नीलकंठचंही विसरला असावा.
"अरे... अरे..." एवढंच म्हणत राहिला.

मग रोज एक घर.
लांजेवारांच्या पारडीची शेपटी टोकाशी वातीसारखी वाळली.
झिंगरूच्या बैलाच्या खुराला भेग, आत बोट जाईल एवढी.
कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं नागाची फुंकर.
बोडीपलीकडं बापाला रात्री पाहिलं,
असंही म्हणालं कोणी.
पाहणारं कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बाप उठला, बोडीकाठी गेला,
मूठभर गवत उपटून आणलं, मुळांच्या मातीसकट,
आणि पारावर बसून चावत राहिला सगळ्यांसमोर.
हनुवटीवरून हिरवी थुंकी.
"याच्यानं मरते म्हंता ना? मंग पाहा, मरतो का."
मी नऊ वर्षांची.
मी खरंच पाहत होते.

तो मेला नाही.
त्यानं काही सिद्धही झालं नाही.

रात्री भात कालवता कालवता थांबला.
"फुलवंता, चराले येनारं ढोर नाही पडत.
कोठ्यातलं पडते. बांधून खानारं."
पारडी तर लंगडी,
दिवाळीपासून आखरावर आलीच नव्हती.
हे सांगायला तो चार दारांत गेला.
चारही दारांना आतून कडी.

साकोलीहून रामटेके मॅडम आल्या, स्कूटीवर,
डोक्याला मफलर.
खूर पाहिला, कानाची जागा पाहिली,
शेपटी तळहातावर घेऊन विचारलं,
"तणस कुठं ठेवता?"
ढीग वरून पिवळाधम्मक, पाहुण्याला दाखवावा असा.
त्यांनी कोपरापर्यंत हात घातला
आणि पोटातून मूठ ओढून काढली.
काळी, चिकट, मध्येच गुलाबी,
ओल्या पोत्याच्या वासाची.
आणि गरम. ढिगाला ताप आल्यासारखी.

कार्तिकात दोन दिवस पाऊस पडला होता.
पुंजणे भिजले, धान वाचलं,
आम्ही विसरून गेलो.

बुरशी, त्या म्हणाल्या.
तिचं विष रक्ताच्या बारीक नळ्या आवळतं,
थंडीत रक्त टोकापर्यंत पोचत नाही,
मग टोकंच मरतात.
हे तणस बंद करा.

चहा घेताना आणखी एक सांगितलं, सहज.
काही गवतं असतात दूरदेशी,
त्यांच्या पेरात बुरशी जन्मभर नांदते,
बियातून लेकरात जाते, बाहेर डाग नाही.
गवताला ना शिंग, ना लाथ.
ते तिला घरात ठेवून घेतं,
ती भाडं विषात चुकवते,
खाणारा पुन्हा तोंड लावत नाही.
बापाच्या बशीतला चहा तसाच राहिला.
"म्हंजे गवतालेही राग येते," तो म्हणाला.
मॅडम हसल्या. तो हसला नाही.

तणस जाळलं. धूर तीन दिवस बोडीवर बसून होता.
माफी कोणी मागितली नाही.
नीलकंठनं दोन पायल्या धान पाठवलं, पोराच्या हाती,
पोरगं अंगणात ठेवून पळालं.
कापगत्यांची म्हैस गेली. बैल वाचला, पण जू घेईना.

पारडी राहिली, अर्ध्या शेपटीची.
चैत्रात माश्या आल्या,
ती शेपूट मारायची
आणि ते पोचायचं नाही.
बाप पळसाची डहाळी घेऊन
तिच्या मागून चालायचा, हलवत,
कळप दूर निघून गेला तरी.
त्या कळपाकडं मग मीच धावायचे,
एकेकाचं नाव घेत,
आणि वाटेतलं गवत
तुडवताना जरा बिचकत.