हं

आधी न्यायमंदिरात, मग दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं 'मी' टाइप केलं.
साक्षीदार बोलतो, मॅडम सांगतात, मी बडवते.

द्वारका शिरसाट, वय चोपन्न, धंदा घरकाम,
जालन्याहून येऊन सात महिने.
कारेलीबागेतल्या बंगल्यात म्हातारीला
पोटच्या मुलानं जिन्यावरून लोटलं,
हे हिनं पाहिलेलं.
'लोटलं' म्हणताना दोन्ही हात पुढे केले.
हात टाइप होत नाहीत.

उलटतपास अमीन वकिलांचा. आवाज दूधपाकासारखा.
मॅडमना 'आप नामदार', आरोपीला 'जिगरभाई',
हिला 'तुं'.
तुं दादर पर हती?
ती म्हणाली, नाही हो, मुंबईला मी कधी गेलेच नाही.
कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला.
मीही, थोडीशी.
जिन्याला इथं दादर म्हणतात बाई,
एवढं वाक्य जिभेवर आलं होतं.
स्टेनोनं बोलायचं नसतं.

मग ते गोष्ट सांगू लागले, घास भरवावा तशी.
बाने आंखे ओछुं देखातुं.
हं.
सवारे पोतुं कर्युं हतुं.
हं.
पोतुं तें कर्युं हतुं.
हं.
म्हणजे म्हातारी अधू, पायऱ्या ओल्या,
आणि फडकं हिच्याच हातचं.

आमच्यात गोष्ट ऐकताना हं म्हणतात.
म्हणावंच लागतं, नाहीतर सांगणारा थांबून विचारतो,
झोपलीस का गं?
हं म्हणजे होय नव्हे.
हं म्हणजे ऐकतेय, पुढे सांगा.
दांडिया बाजारात माझी आई मला असंच निजवायची.
मॅडम म्हणाल्या, लखो:
ए वात खरी छे के पगथियां भीनां हतां.
ए वात खरी छे के बा लपसी गयां.

खरी.
तिचाही शब्द, माझाही, त्यांचाही.
एवढा एकच ओळखीचा ऐकू आला
म्हणून मान हलवली असेल तिनं.

पान एकवर धक्का. पान चारवर पाय घसरला.
मधल्या पानांत हसणं नाही, 'तुं' नाही,
कागदावर ती द्वारकाबेन, सगळे सभ्य.
'वांची संभळाव्युं, बराबर छे'
हे मी वाचून दाखवायच्या आधीच टाइप करून ठेवते,
वेळ वाचतो.
भरभर वाचलं.
ती म्हणाली, हं.

अंगठा की सही?
सही, म्हणाली, जरा दुखावून.
गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते.
त्या चार उघड्याबोडक्या पानांखाली
तिनं एकेक अक्षर मांडलं, शाळेतल्यासारखं,
आणि सगळं झाल्यावर वरून रेघ ओढली.
नाव संपलं तरी हात थांबला नाही,
रेघ समासातून बाहेर गेली,
माझ्या टेबलावरही थोडी उमटली.

पुढचा पुकारा झाला.
मी नवा कागद घेतला.
रेघ अजून पुसलेली नाही.