रफू

सुईत दोरा मी अजूनही एका दमात ओवते.
हडर्सफील्डच्या चढावर, बंद पडलेल्या लोकरगिरणीच्या पाठीशी
माझं दुकान: पँटी आखूड करून मिळतील, चेनी बदलून मिळतील.
एकसष्टावं वर्ष, नाकावर चाळिशी,
काळ्या कापडावर काळा टाका.
माझ्या डोळ्यांना काय धाड भरली होती?

फक्त दाराची चौकट खांद्याला लागायची.
फक्त मिसेस थ्वेट डावीकडून आली
की जमिनीतून उगवल्यासारखी वाटायची.
चहाचे दोन कप फुटले.
मी कपांना नावं ठेवली.

चष्म्याची काडी मोडली म्हणून गेले होते, एवढंच.
तिथल्या पोरीने यंत्राने डोळ्यावर फुंकर मारली,
आकडा पाहिला, परत मारली,
आणि हवापाण्याचं बोलायची थांबली.

इस्पितळात एक पांढरं वाडगं, आतून उजळलेलं.
हनुवटी टेकवा. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवू नका.
उजेडाचा कण दिसला की बटण दाबा.
मी दाबत राहिले.
मग बराच वेळ काहीच येईना.
मला वाटलं, यंत्र बिघडलं.

कण येत होते.

डॉक्टर ओकाफोर सावकाश सांगत गेले.
डोळ्यात पाणी बनतं, रडण्याचं नव्हे, आतलं,
आणि झिरपून जातं. तुमची मोरी उघडी आहे,
पण जाळी तुंबत आलीय.
दाब वाढतो, मागची नस एकेक धागा सोडते.
दुसऱ्या प्रकारात मोरीच एकदम मिटते:
डोळा ठणकतो, ओकारी येते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात,
माणूस रात्रीच धावत इथे येतो.
"तुमचा बोंब मारत नाही," म्हणाले. "म्हणून उशीर."

काचबिंदू.
मोतीबिंदूचा चुलतभाऊ, असंच मी धरून चालले होते.
पण मोती काढता येतो.
आणि काच काही नुसती आरशाची नसते,
सासरी असतो तोही काच,
आवाज न करता रोज थोडा आवळणारा.

"मग मला भोक दिसलं कसं नाही?"
मेंदू भरून काढतो, म्हणाले, आजूबाजूचं घेऊन.

म्हणजे रफू.
चाळीस वर्षं लोकांच्या कोटांना मी करते तेच:
त्याच कापडाचा धागा काढायचा, उभा, आडवा,
मालकालाही जागा सापडू नये असा.
माझ्याहून सरस कारागीर
माझ्याच डोक्यात बसून
माझ्यापासून लपवत होता.

"घरात कुणाला होता?"
नाही, म्हणाले मी.
परतताना बसमध्ये अण्णा आठवले:
तासगाव, उंबऱ्याशी पायाने लवंडलेली घागर,
आणि आईचं रोजचं, "डोळे फुटलेत का तुमचे?"
आमच्या घरात झालेलं ते एकमेव निदान.

आता रात्री साडेनऊला एक थेंब.
पापणी मिटायची, नाकाच्या कोपऱ्यावर बोट, दोन मिनिटं.
गेलेलं परत येत नाही;
काठ आणखी उसवू नये म्हणून घातलेला टाका.
पापण्या मात्र लांब झाल्यात.
मिसेस थ्वेट विचारते, मस्कारा कुठला?
मी सांगते, सरकारी.

रविवारी दिगूला फोन केला. तिकडे दुपार.
"ताई, मला लख्ख दिसतं गं."
"मलाही दिसत होतं."
तो हसला.
"दाराला खांदा लागतो का रे कधी?"

फोनवर बराच वेळ
त्याच्या घरचा पंखा ऐकू येत राहिला.