धडा

बावीस वर्षं सांगलीच्या यार्डात मी काटा धरला.
हळदीचं पोतं नुसतं बघून सांगतो:
बारदानासकट एक्कावन्न, वर दोनशे ग्रॅम.
माणसाचंही सांगू शकतो,
पण माणूस विचारत नाही.

यंदा पुराच्या पथकात नाव घातलं
म्हणून मिरज रस्त्यावरच्या या तलावात
पाठीवर टाकी, कमरेला शिसं.
तांडेल बाई विचारतात,
"मगदूम, किती घेतलंत?"
दहा किलो. म्हटलं, जास्तच असलेलं बरं.
बाई हसल्या नाहीत. मालवणच्या त्या,
पाण्याच्या बाबतीत हसत नाहीत.

दहा किलोनं मी तळाला गेलो
भिजल्या पोत्यासारखा, गुडघ्यांवर.
जाकिटात हवा भरली, निघालो वर.
घाबरून सोडली, आपटलो खाली.
जादा शिसं उचलायला जादा हवा,
जादा हवा आवरायला पुन्हा हात बटणावर.
आमच्या यार्डात याला हिशेब नाही,
घोळ म्हणतात.

तिकडे इर्शाद सतारमेकर बुडतच नव्हता.
सात पिढ्या भोपळे वाळवणाऱ्या घरातला,
स्वतःच सुकलेला भोपळा झालेला.
"अजून शिसं द्या," म्हणाला.
बाई म्हणाल्या, "शिसं नको. श्वास सोडा.
मघापासून तुम्ही फक्त घेताय."

मग मला म्हणाल्या, आधी वजन तपासू.
त्या म्हणाल्या तपासू,
मला ऐकू आलं: धडा करू.
रिकाम्या डब्याचं वजन
समोरच्या पारड्यात आधीच टाकून ठेवायचं,
म्हणजे पुढे जे तोलाल ते निव्वळ.
फक्त इथे डबा मी.

जाकीट रिकामं. अंग उभं. पाय गप्प.
छाती भरून घेतली
की पाणी डोळ्यांच्या रेषेला थांबलं पाहिजे,
सोडली की टाळू भिजली पाहिजे,
सावकाश.
दहाचे आठ केले. सहा. चार.
चारालाही नाक पाण्याखाली, डोळेही.
तिनाला काटा आला मधोमध.
मग बाईंनी दोन परत अडकवले:
"टाकीतली हवा तुम्ही पिऊन संपवणार,
तिचं वजन दोन किलो.
येताना हलके झालात तर वरच्या वर निसटाल."

हवा दोन किलो.
बावीस वर्षं तोलतोय,
ही कडता मला कुणी सांगितली नव्हती.

आजा माझा हरिपूरच्या पेवात उतरायचा.
हळद काढायला, जमिनीच्या पोटात.
आधी दोरीनं दिवा सोडायचे,
दिवा विझला की त्या दिवशी कुणी उतरत नसे.
कोंडलेल्या हवेला तो जड हवा म्हणायचा.
आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा काहीतरी बोलतोय.

दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा पाच किलो.
तळाच्या निळ्या फरशीवर पालथा,
बटणाला एक टिचकी, मग अजून एक,
आणि हात बाजूला.
श्वास घेतला. काही झालं नाही.
वाटलं, चुकलं.
तेवढ्यात, उशिरानं, छाती फरशीवरून सुटली.
सोडला. तरी वरच.
मग पाण्याच्या लक्षात आलं
आणि त्यानं मला खाली घेतलं.
पाणी ऐकतं, पण लगेच नाही.
काटाही असाच असतो,
नवी पोरं तो थरथरतानाच वाचतात.

किती वेळ तिथे होतो, सांगता येणार नाही.
फरशीपासून हातभर वर,
तळापासूनचा पण तळाचा नाही.
माझे बुडबुडे माझ्या आधी वर जात होते
आणि मला कसलीच घाई नव्हती.

काठावर आलो तर
पाच किलो शिसं ओळीनं मांडलेलं,
जे मी सकाळी मागून घेतलं होतं.
इर्शाद दात वाजवत विचारतो,
"बाई, उद्या नदीत?"
बाई पट्टे वाळत घालत म्हणाल्या,
"उद्या इथेच. 
परवाही इथेच."